व्याह्यांनी धाडलेली खार

आदरणीय व्याहीबुवांच्या सेवेशी, लाँड्रीच्या वाफेत उभ्या असलेल्या मुलीच्या बापाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात इस्त्री असल्यामुळे दुसरा हात जोडायला जरा वेळ लागला, पण जोडला.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकन वाजायचा, तो अजून वाजतो का? डॉक्टरांनी सांगितलेला पाय उचलायचा व्यायाम करता, की तेवढ्या वेळात फोनच उचलता? (गंमत केली. राग नसावा.) आमच्या विहीणबाईंची तब्येत बरी असेल. त्या तो खेळ खेळत नाहीत असं मुलीकडून समजलं, तेव्हापासून त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला आहे. जावईबापू बेकरी नीट सांभाळतात, पावाला तुमच्या वेळेसारखीच खरपूस कड येते, असं मुलगी सांगते. भट्टी मुलाच्या हाती दिली तरी तुम्हाला जाग मात्र पहाटेचीच येते, हेही ती सांगते. या पहाटेच्या जागेबद्दल मला पुढे थोडं लिहायचं आहे. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे ही खुशाल आहे. मी आहे.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे. जन्मभर गरम इस्त्री आणि ओल्या चादरी हाताळून माझ्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली आहेत की फोनला ती बोटं वाटतच नाहीत. मी दाबतो, तो ढिम्म. म्हणून माझे निरोप आजवर हीच लिहायची आणि आलेले हीच वाचून दाखवायची. आता जो मजकूर हिच्याबद्दल आणि तुमच्याबद्दल आहे तो हिच्याच हातून तुम्हाला पाठवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखं झालं असतं. तेव्हा शर्टाच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्यांवर हे लिहितो आहे. पुठ्ठ्याला वरच्या बाजूने कॉलरसाठी खाच असते, तिथे ओळ तुटेल. ती जोडून वाचावी.

तुम्ही आमच्याकडे उतरला होतात तेव्हा दुकान पाहिलंत, पण आमचा खरा कारभार तुम्ही पाहिलेला नाही, कारण तो शटर अर्धं खाली ओढल्यावर सुरू होतो. दिवसभराचे कपडे वाळून आले की मधल्या लांब टेबलावर ढीग पडतो आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून जोड्या लावतो. मोज्याला मोजा, अभ्र्याला अभ्रा, नर्सबाईंच्या सदऱ्याला त्यांचीच विजार. (लोकांना वाटतं लाँड्री म्हणजे धुणं. धुणं यंत्र करतं. लाँड्री म्हणजे कोणाचं काय ते ओळखणं.) काळा मोजा काळ्या मोज्यासारखा असतो असं ज्याला वाटतं त्याने आमच्या टेबलावर एक दिवस बसून बघावं. मला रंग कळतो, हिला वीण कळते. मी एक मोजा वर धरायचा, हिने मान वर न करता त्याचा जोडीदार माझ्याकडे फेकायचा. आणि हात चालू असताना तोंडं चालू. गावभरच्या लोकांची धुणी आम्ही दोनदा धुतो, एकदा यंत्रात आणि एकदा त्या टेबलावर. वकिलाच्या कोटात नाटकाची दोन तिकिटं निघाली आणि वकीलीणबाईंना तर नाटकाचा तिटकारा आहे, इथपासून ते मुलगी तुमच्या घरी द्यावी की नाही इथपर्यंत सगळे निकाल तिथेच लागले. (तुमच्या बाजूने हिने लगेच मत दिलं होतं. मी जरा विचार करू म्हटलं होतं. ते आता आठवतं. पण असो, जावई चांगला आहे.) दिवसभर आम्ही एकाच दुकानात असतो हे खरं, पण ती पुढे गिऱ्हाइकांपाशी आणि मी मागे वाफेत. माझ्या वाट्याला तिची येते ती तेवढीच एक वेळ. ती गेली, व्याहीबुवा. ती तुम्ही नेलीत.

म्हणजे तुम्ही मुद्दाम नेलीत असं नव्हे. गुडघा दाखवायला आलात, त्या दिवशी नेमक्या हॉटेलच्या चादरी पोचवायच्या होत्या, म्हणून मीच हिला म्हटलं की तू जा बरोबर, व्याह्यांना हॉस्पिटलात एकटं पाठवणं बरं दिसत नाही. बरं दिसायला गेलो आणि पायावर धोंडा पाडून घेतला. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर तुम्हा दोघांचा अर्धा दिवस गेला. तिथे तुम्ही खिशातून फोन काढलात आणि वेळ जावा म्हणून हिला तो फळांचा खेळ दाखवलात. वेळ गेला. तो अजून जातोच आहे. म्हण आहे ना, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. (म्हण जुनी आहे, मी केलेली नाही, आणि त्यातल्या व्याह्याशी तुमचा काही संबंध नाही. शिवाय घोडं परवडलं असतं. ते दारात बांधता तरी येतं.) तुम्ही मला घोडं नाही, खार धाडलीत.

खेळ तुम्हाला काय सांगायचा, तुम्ही तर ही खेळते त्या टीमचे कप्तान. पण मला तो कसा दिसतो तेवढं सांगतो. पडद्यावर फळं असतात. तीन सारखी फळं एका ओळीत आणली की ती फुटतात, वरून नवी पडतात, आणि कोपऱ्यात टोपी घातलेली एक खार टाळ्या वाजवून "वाहवा!" म्हणते. झालं. एवढंच. हे मी जन्मभर करत आलो आहे. सारखं सारख्याजवळ ठेवलं, बाजूला केलं, वरून नवा ढीग पडला. पण आजवर कोणी टोपी घालून मला वाहवा म्हटलेलं नाही. मध्यंतरी एका नवरीच्या पोशाखाच्या झालरीवरचा गंजाचा डाग मी असा काढला की डाग कुठे होता ते तिच्या आईलाही सांगता येईना. त्याच संध्याकाळी टेबलाशी ही एकदम खुदकन हसली. मला वाटलं माझ्या डागाची बातमी पुढे दुकानात पोचली. कसलं काय! म्हणाली, व्याह्यांनी लिहिलंय, "विहीणबाई, काय चाल खेळलात!"

आणि तो बदाम. खेळात हरलं की पत्त्यातल्या बदामासारखा एक लाल बदाम जातो, सगळे गेले की खेळ थांबतो, आणि मग टीममधल्या कोणी बदाम पाठवले तर पुन्हा खेळता येतं, ही व्यवस्था मला आता पाठ झाली आहे. ही सकाळी उठते, चूळ भरायच्या आधी फोन बघते आणि म्हणते, "व्याह्यांचा बदाम आला." रोज. एक दिवस चुकत नाही. मी मुलीचा बाप, मी बोलू नये. पण दुसऱ्याच्या बायकोला रोज पहाटे लाल बदाम पाठवणं हे बेकरीच्या धंद्यात चालत असेल, लाँड्रीत चालत नाही. (तो खेळातला आहे हे मला कळतं. रंग मात्र लालच आहे.) दुसऱ्या रंगाचा पाठवता येतो का, अशी मी चौकशीही केली. येत नाही. आमच्या विहीणबाईंना तुम्ही पहाटे उठून काय पाठवता, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला आहे.

मला हेवा वाटतो, व्याहीबुवा. आडपडदा कशाला ठेवायचा? तुमचा वाटतो, तुमच्या टीमचा वाटतो, खारीचा तर इतका वाटतो की परवा गिऱ्हाइकाच्या टॉवेलवर खारीचं चित्र होतं, त्याला मी जरुरीपेक्षा जास्त वेळ इस्त्री दाबून धरली.

शेवटी ठरवलं की नुसती कुरकुर करण्यापेक्षा पुराव्यानिशी बोलावं. जिथून हा खेळ फोनमध्ये उतरवून घेतात तिथे खाली खेळणाऱ्यांनी आपापली मतं लिहिलेली असतात, हे मला नर्सबाईंनी सांगितलं. मी मनात म्हटलं, एवढ्या लोकांत निम्मे तरी माझ्यासारखे पोळलेले निघतील, त्यांची साक्ष काढू. बोटाच्या टोकाला फोन दाद देत नाही, पण मधल्या पेराला देतो असा शोध मला याच कामात लागला. पेराने एकेक मत वर सारत मी वाचत बसलो. एकाने एकच स्टार देऊन खणखणीत लिहिलं होतं की खेळ भिकार आहे, आयुष्याचं मातेरं करतो, कोणी नादाला लागू नये. माझा आनंद गगनात मावेना. खालची ओळ वाचली तर, "गेली चार वर्षं रोज खेळतोय, काही सुधारणा नाही." कोणी जाहिराती फार म्हणून रागावली होती, आणि पुढे लिहिलं होतं की त्यातल्या एका जाहिरातीतला खेळही आता घेतला आहे, तोही गोड आहे. एक आजीबाई म्हणत होत्या की खेळ उत्तम, फक्त त्या खारीला थंडी वाजत असावी, तिला स्वेटर द्या. त्याखाली कंपनीचं उत्तर होतं की आपली सूचना संबंधितांकडे पाठवली आहे. (माझ्या पाण्याच्या दाबाच्या तक्रारीला आजवर एवढंही उत्तर आलेलं नाही.) एका गृहस्थाचं मत मला मनापासून पटलं. तीन स्टार, आणि एवढाच मजकूर: "जावयाने शिकवला. जावई ठीक आहे. खेळ ठीक आहे." आणि पाच स्टारवाल्यांचं तर एकच पालुपद, वेळ कसा जातो कळत नाही. मला कळतो. मी समोर बसलेला असतो.

संध्याकाळी ही सगळी मतं मी टेबलाशी हिला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. हेतू असा की लाजून तरी फोन ठेवील. झालं उलटंच. त्यात एका बसवाल्याचं मत होतं. तो बिचारा शेवटच्या थांब्यावर बस उभी असते तेवढ्यात खेळतो, आणि कुलूपबंद डाळिंबांच्या लेव्हलला असा अडकला होता की स्टार द्यायचंही त्याला भान नव्हतं. "कोणी वाट दाखवील का," असं त्याने लिहिलं होतं. मी म्हटलं, बघ, बसमध्ये प्रवासी खोळंबलेत आणि हा डाळिंबं फोडतोय. हिने मोजा खाली ठेवला, माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला उत्तर लिहिलं. डाळिंबांना हात लावू नका, आधी खालचा डावा कोपरा मोकळा करा, वरचं आपोआप खाली येतं. दुसऱ्या दिवशी बसवाल्याचं उत्तर, "ताई, सुटलो!" त्याखाली लोकांची ही रांग लागली. ताई, आमचं अननस अडलंय. ताई, आमच्या लिंबांचं काय करू? आता ही सगळ्या जगाची ताई झाली आहे, आणि दुकान बंद झालं की मोजे माझ्या पुढ्यात लोटून त्या अडलेल्या लोकांना सोडवत बसते. व्याहीबुवा, ढीग वरून उपसू नये, खालचं टोक धरून ओढावा, हे हिला मी शिकवलं आहे. हॉटेलच्या चादरींवर शिकवलं आहे. पण हे बसवाल्याला कोण सांगणार?

मग मी माझं स्वतःचं मत लिहायचं ठरवलं. टाइप करणं पेराने जमत नाही, म्हणून यंत्रं बंद करून दुकानाच्या जुन्या फोनशी बोललो, नाव मात्र दिलं नाही. बोलायला बसलो की मला थोडी प्रस्तावना लागते, हे तुम्ही लग्नाच्या बोलणीत पाहिलंच आहे. माझा मुद्दा असा होता की या खेळामुळे आमच्या घरात कमालीची शांतता आली आहे, पूर्वी संध्याकाळी आम्हा नवराबायकोची तासभर बडबड चालायची, आता ती ऐकायला माझे कान आसुसले आहेत, आणि या खेळावर बंदी घालावी. आता मतं लिहायला तिथे जागा मोजकीच असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जागा संपली ती "तासभर बडबड चालायची, आता ती" इथे. एक स्टार द्यायला पेर टेकवलं, तो उमटतोय असं वाटेना म्हणून जोरात घासलं, तर पाचही पेटले. तेव्हा जगाला दिसलं ते असं: पाच स्टार, या खेळामुळे आमच्या घरात कमालीची शांतता आली आहे, पूर्वी संध्याकाळी नवराबायकोची तासभर बडबड चालायची, आता ती. पुढचं ज्याने त्याने ओळखलं. कितीतरी नवऱ्यांनी त्याला अंगठा वर करून दुजोरा दिला. कंपनीचं उत्तर आलं की आपल्या घरातल्या शांततेत आमचा खारीचा वाटा आहे याचा आनंद वाटतो. आणि तुम्ही, व्याहीबुवा, तुम्ही तेच मत उचलून टीममध्ये पाठवलंत आणि वर लिहिलंत, "बघा, आहे की नाही सुखी माणूस!" हिने ते मला वाचून दाखवलं. कोण असेल हो, म्हणाली. मी अभ्रे मोजत होतो. ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

आता शत्रूवर चाल करायची तर त्याचा मुलूख आधी पाहायला हवा, म्हणून मी तो खेळ त्याच जुन्या फोनवर घेतला. निव्वळ अभ्यासासाठी. मागच्या खोलीत वाफ असते, कोणी येत नाही, तिथे दोन शर्टांच्या मध्ये जरा जरा अभ्यास केला. खेळ काही अवघड नाही. (मला येत नाही ही वेगळी गोष्ट.) पण त्याचा परिणाम कसा भयंकर होतो ते मी स्वतः अनुभवलं आणि हाच माझा सर्वांत मोठा पुरावा आहे. एका संध्याकाळी ही तिच्या अडलेल्यांत गुंतलेली, म्हणून जोड्या मी एकट्यानेच लावल्या. हात भराभर चालले. मनात म्हटलं, बघा, तिच्यावाचून काही अडत नाही. दुसऱ्या दिवशी फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक दारात उभे. खेळाडूंनी पुडकी सोडली तर प्रत्येकात तीन मोजे. तीन, व्याहीबुवा! मी सगळे मोजे तिनातिनाने बांधले होते. अर्ध्याहून अधिक संघाला एकेक मोजा जास्त आणि गोलकीपरसकट बाकीचे अनवाणी. वकिलाकडे तीन काळे गेले, दंतवैद्याकडे एकच, आणि तो माणूस एका पायाने सभ्य आणि दुसऱ्याने उघडा असा गिऱ्हाइकांच्या समोर येऊन उभा राहिला. खरं सांगतो, ते मोजे बांधताना मला एकदाही काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट तिसरा मोजा ठेवला की मी क्षणभर थांबायचो. ते फुटून नाहीसे व्हायची वाट बघत असणार.

या प्रकरणात ही माझ्यावर रागावेल असं मला वाटलं होतं. रागावली असती तर निदान बोलली असती. ही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग सगळी पुडकी सोडून एकटीने पुन्हा जोड्या लावल्या. मी समोर बसलो तर म्हणाली, तुम्ही राहू द्या. म्हणजे होता तो टेबलाचा कोपराही गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

तेव्हा आता मुद्द्यावर येतो. आपण कप्तान आहात. कप्तानाला टीममधून कोणालाही काढता येतं असं मतं वाचताना कळलं. (एका बाईंना त्यांच्या सख्ख्या बहिणीने काढलं होतं, त्यांनी तिथे फार लांबलचक लिहिलं आहे.) आपण हिला टीममधून काढावं, अशी हात जोडून विनंती. कारण काहीही द्या. वय म्हणा, खेळ घसरला म्हणा, जे पटेल ते. ते न जमेल तर निदान पहाटेचा बदाम बंद करावा. तेही न जमेल तर "काय चाल खेळलात" एवढं तरी लिहू नये, "ठीक" लिहावं. मुलगी आपल्या घरी आहे, तेव्हा यात काही अधिकउणं लिहिलं गेलं असेल तर ते वाफेने अक्षर फुगलं असं समजून सोडून द्यावं.

बाकी काय लिहू? आपला लोभ माझ्यावर वाढावा. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीवर आहे तेवढा पुरे.

आपला आज्ञाधारक व्याही,
(लाँड्रीवाला)

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता सुचलं. हिला काढायचं आपल्या जिवावर येत असेल तर दुसरीही एक वाट आहे. आपल्या टीममध्ये एक जागा रिकामी झाली आहे असं हिच्या बोलण्यात आलं. तिथे "सुटं बटण" या नावाने कोणाचा अर्ज आला असेल. तो मी आहे. घ्यावं. हिला मात्र कळू देऊ नये. आणि काढण्याबिढण्याचं वर जे लिहिलं आहे ते तूर्त बाजूला ठेवावं, नाहीतर मी आत आणि ही बाहेर असं व्हायचं.

ता. क. दुसरा. पत्र अजून माझ्याच खिशात आहे. हॉटेलच्या चादरी पोचवायला जाताना टपालपेटी लागते, पण हात चादरींत असतात. दरम्यान आपण सुट्या बटणाला टीममध्ये घेतलंत, आभारी आहे. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या देखत "बटणराव, जरा डोकं चालवा" असं लिहिलंत, त्याचं मला काही वाटलं नाही, आपल्याला कुठे ठाऊक होतं! मुद्दा वेगळाच आहे. मी रोज सकाळी उठल्या उठल्या हिला एक बदाम पाठवतो आणि रोज तो परत येतो. हिची बदामांची परडी भरली आहे, असं खार मला सांगते. आपण पहाटे उठून पाठवता, आपलं बघून बाकीचेही पाठवतात, आणि ही डोळे उघडायच्या आत परडी भरून जाते. आपण एवढं करा. उद्यापासून जरा उशिरा उठा. जन्मभर भट्टीपायी झोपमोड केलीत, आता कोणी काही म्हणणार नाही. गुडघ्यालाही आराम. हे वर आधी लिहायला हवं होतं, बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल.

ता. क. तिसरा. वरची विनंती राहू द्या, प्रकरण हाताबाहेर गेलं आहे. काल शटर ओढल्यावर हिने फोन बाजूला ठेवला, माझ्या पुढ्यातले अर्धे मोजे आपल्याकडे ओढले आणि आपणहून बोलायला लागली. एवढ्या दिवसांनी. मी कानांत प्राण आणून ऐकायला बसलो. तर विषय कोणता? सुटं बटण! म्हणे, टीममध्ये एक नवा माणूस आला आहे, खेळतो अगदी सुमार, पण मनाने फार चांगला आहे. रोज सकाळी न चुकता बदाम पाठवतो, परत गेला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवतो, असं कोण करतं हल्ली? हातातले मोजे संपले तरी ती त्याच्याबद्दलच बोलत होती. मी म्हटलं, असेल कोणी रिकामटेकडा. तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, काही बोलू नका त्याला, दिवसभर उभं राहून पोटऱ्या दुखतात त्याच्या, आणि चष्मा लावायचा कंटाळा करतो म्हणून केळी आणि लिंबं त्याला एकच दिसतात. म्हणे, मी त्याला लिहिलंय, चष्मा लावून खेळत जा. व्याहीबुवा, मी मागच्या खोलीत चष्मा कपाळावर सारून खेळतो हे खरं आहे (डोळ्यांवर ठेवला तर ही पुढून विचारते की काय वाचताय), पण हे मी टीममध्ये कोणालाही कळवलेलं नाही. पोटऱ्यांचं तर मुळीच नाही. मग एका परक्या पुरुषाच्या पोटऱ्यांपर्यंत हिचं लक्ष पोचलंच कसं? न बघता, न भेटता इतकी ओळख! तुमचा हेवा परवडला, तुम्ही निदान नात्यातले आहात.

तेव्हा कृपा करून त्या सुट्या बटणाला टीममधून काढून टाका. तो मीच आहे हे मला ठाऊक आहे, तरी काढा. पण आज नको. आज दुकान बंद झाल्यावर तिने त्याला एक डाव खेळायला बोलावलं आहे. आणि मला बजावून ठेवलं आहे की तेवढा वेळ मी कुठेही जायचं नाही, तिच्या समोरच्या खुर्चीत बसायचं.